हिराभाऊंचा डोळा

हिराजी म्हात्रे यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. हे पनवेलात फक्त मला ठाऊक होतं, आणि आठ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांना तर नाहीच.

एवढी तीन वाक्यं लिहायला मला किती दिवस लागले ते जाऊ दे. आता लिहिली आहेत, तर आधी माणूस सांगतो. माझा भाग पुढे येईल. तो टाळणार नाही.

आमचा स्टुडिओ जुन्या पनवेलात, तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत. माझ्या वडिलांनी काढलेला. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. पाटीवर आमचं आडनाव, गल्ल्यामागच्या खुर्चीत मी, पण लग्नाची तारीख घेऊन आलेलं गिऱ्हाईक टेकायच्या आधी विचारायचं, "हिराभाऊ मोकळे हायेत ना त्या दिवशी?" मी वही उघडून पानावर बोट फिरवायचो, जणू बघावं लागतंय. भाऊ मोकळे नसले तर लोक म्हणायचे, "मंग आमी दुसरा मुहूर्त बगतो." फोटोग्राफरसाठी मुहूर्त बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही फोटोग्राफर होतो. त्यांच्या समोर बसलेला होतो.

हिराभाऊ विचुंब्याचे. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. बुटके, रुंद, मिठागरात राबलेल्या बापाचे खांदे घेऊन आलेले. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, आणि खिशात शंभरदा धुतलेल्या मलमलीचा तुकडा. आमच्याकडे ते तसबिरींना चौकटी लावायला लागले होते. अण्णांनी त्यांच्या हातात कॅमेरा कधी दिला हे मला आठवत नाही. मला आठवतं ते असं, की मी कॉलेजातून येऊन दुकानात बसायला लागलो तेव्हा कॅमेरा त्यांच्या हातात होता. अण्णांनी आम्हा दोघांना एकाच कॅमेऱ्यावर शिकवलं. शिकवताना मला म्हणायचे, "हिरा कसा धरतो बघ."

ते मला "इनायक" म्हणत, एकेरीत. गिऱ्हाइकासमोर मात्र "शेठ". तो "शेठ" मला एकेरीपेक्षा जास्त टोचायचा, कारण त्यात काडीइतकीही थट्टा नसायची.

कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला की आपण सगळे डावा मिटतो. हिराभाऊ मिटत नसत. उजवा आत, डावा बाहेर, दोन्ही टक्क उघडे. एकदा विचारलं तर म्हणाले, "डावा पोरीच्या आयशीवर ठेवायचा. रडू आधी तिला येतंय. मंग पोरीला." हे खरं होतं. मी पुढे कितीतरी लग्नांत पडताळून पाहिलं, पण एका वेळी दोन ठिकाणी बघणं मला कधी जमलं नाही.

मांडवात ते सगळ्यांच्या आधी पोचत. जिथे नवरी उभी राहणार तिथून मागे मागे पावलं मोजत यायचे आणि जिथे थांबतील तिथे झेंडूची एक पाकळी टाकायचे. ती त्यांची जागा. लेन्सच्या रिंगवर त्यांनी बायकोच्या नखांच्या रंगाने तीन लाल ठिपके काढले होते. पहिला हळदीला, दुसरा अंतरपाटाला, तिसरा पाठवणीला. अंधारातही अंगठ्याला ठिपक्याचा उंचवटा लागायचा. लग्नाची तीन अंतरं त्यांनी अशी बोटांत बांधून ठेवली होती. बाकी सगळं डोळ्याने.

पंधराएक वर्षांपूर्वी मी मुंबईहून दोन नवे कॅमेरे आणले, लेन्स बदलता येणारे, स्वतःहून फोकस करणारे. बटण अर्धं दाबलं की लेन्स आपोआप फिरते, टिक् वाजतं, चेहरा लख्ख. मला वाटलं, सुटलो. आता डोळा हा मुद्दाच राहिला नाही. आता पाटीवर ज्याचं नाव त्याचा फोटो.

हिराभाऊंनी स्वतःचा कॅमेरा हातात घेतला, लेन्सच्या अंगावरची बारीक कळ पाहिली. एकीकडे ए, म्हणजे फोकस यंत्राचा; एकीकडे एम, म्हणजे हाताचा. कळ एमवर सरकवली आणि तिच्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली. संध्याकाळपर्यंत नव्या रिंगवरही तेच तीन लाल ठिपके आले.

"भाऊ, अहो, पैसे कशाचे दिलेत आपण?"

"आसू दे रं. मशीनला थोडा दम खाऊ दे."

त्याच आठवड्यात बेलपाड्याला लग्न होतं. दोघेही गेलो. अंतरपाट धरला होता, पांढरा, मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. मी बटण अर्धं दाबून तयार. मंगलाष्टकं संपली, ताशा वाजला, कापड खाली आलं, हवेत तांदूळ उडाला आणि माझी लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली. तिला कापड सापडलं, मग तांदूळ सापडला, मग भटजींचा कान. नवरी सापडली तेव्हा तिने बघून खाली मान घातलेली होती. हिराभाऊंचं बोट दुसऱ्या ठिपक्यावर होतं; त्यांनी फक्त वाट पाहिली. त्यांच्या फोटोत ती मुलगी पहिल्यांदा वर बघते आहे. त्या बघण्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. तो फोटो बेलपाड्यातल्या तीन घरांत आहे. त्यातल्या दोन घरांचा त्या मुलीशी संबंध नाही.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "मशीनला जवलचा तो आपला वाटतंय. कुनाची वाट बगायची ते तिला कोन सांगल?"

हा माणूस हट्टी आहे, जुना आहे, यंत्राला घाबरतो, असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढाच आधार होता. तोही त्यांनी ठेवला नाही. एका रविवारी आम्ही कर्नाळ्याला गेलो, पक्ष्यांचे फोटो काढायला. खरं तर मी एकटा जाणार होतो. लांब पल्ल्याची लेन्स घेतली होती आणि त्यात तरी माझं काही असावं अशी इच्छा होती. अण्णा म्हणाले, "हिराला ने." तिथे, झाडीत शिरण्याआधी, हिराभाऊंनी नखाने चिकटपट्टी सोलली आणि कळ एवर टाकली. मी बघत राहिलो.

"उडत्याला मशीन, बसल्याला हात," ते म्हणाले. "घार काय माज्या बोटासाठी थांबनार हाय? पन फांदीत बसलेला पाखरू मशीनला गावनार नाय, ती फांदीच धरल."

दिवसभर ते कळ इकडून तिकडे करत होते, माणूस चालताना काठी या हातातून त्या हातात घेतो तसे. मी दिवसभर एवर होतो, आणि माझ्याकडे सुरेख स्पष्ट फांद्या आल्या. हट्टी मी होतो. तेही मला त्यांच्याकडून कळावं, याचा राग आला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी विसरलो नाही. आमच्याकडच्या गावांत लग्नाला धवलारीण लागते. म्हातारी बाई असते, लग्नातली गाणी म्हणते, आणि गावच्या दृष्टीने तिच्या गाण्याशिवाय लग्न लागतच नाही. अशी एक धवलारीण होती, जी कुणाला फोटो काढू द्यायची नाही. कॅमेरा दिसला की पदर ओढायची. हिराभाऊ तिच्याजवळ कधी गेले नाहीत. एका हळदीला संध्याकाळी ते मांडवाच्या टोकाला खांबाला टेकून बसले, कॅमेरा मांडीवर, आणि तिचं गाणं ऐकत राहिले. गाणं संपताना तिचे डोळे भरतात हे त्यांनी आधीच्या लग्नांत पाहून ठेवलं होतं. त्याच कडव्याला कॅमेरा वर गेला. एकच फोटो. सुरकुत्या, विझत आलेला उजेड आणि डाव्या डोळ्याच्या कडेला थांबलेलं पाणी. त्या पाण्यावर फोकस. पापणीवरही नाही, पाण्यावर.

म्हातारीला प्रत दिली तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मेल्या, मना इचारला पन नाय."

"इचारला असता तं तू पदर घेतला असतास, आये."

"घेतला असता," ती म्हणाली, आणि फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेली.

आमच्या दुकानाच्या काचेत तेव्हा मी काढलेला फोटो होता, कर्नाळ्याच्या सुळक्यामागून उगवणारा सूर्य. अण्णांनी तो स्वतःच्या हाताने उतरवला आणि धवलारीण लावली. मला विचारलं नाही. मी आतून मान वळवून बघत होतो. सुळका त्यांनी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला, जागा नव्हती म्हणून. एवढंच. पण माणसाच्या मनात काय काय राहतं.

आता माझा भाग.

आठ वर्षांपूर्वी अण्णा अंथरुणाला लागले. आपण उठत नाही हे त्यांना कळलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो भिंतीला लावलेला माणूस. स्वतःचा भिंतीवरचा फोटो त्यांना नीट हवा होता. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होतो. म्हणालो, "अण्णा, उद्या सकाळी खिडकीतला उजेड चांगला असतो. तेव्हा काढतो मी."

ते म्हणाले, "तू नको रे दगदग करूस. हिरा काढेल."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आजही माझी तशी खात्री आहे. मी पाय चेपत राहिलो.

संध्याकाळी दुकानात हिराभाऊंचा कॅमेरा टेबलावर होता. दुसऱ्या दिवसासाठी मी तो पुसायला घेतला. आपण जिथे डोळा लावतो त्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असतं, मसुराच्या दाण्याएवढं. ज्यांना चष्म्याचा नंबर आहे त्यांनी ते फिरवून खिडकी आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायची. कॅमेऱ्यासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. हिराभाऊंनी वाचलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना कधी गरज पडली नव्हती आणि जुन्या कॅमेऱ्यांना असलं चाकच नव्हतं. ते चाक फिरवलं तर फोटोला काही होत नाही. कॅमेरा तसाच राहतो, लेन्स तशीच राहते. फक्त आतून बघणाऱ्याला नीट दिसेनासं होतं.

मी ते चार खटके फिरवलं.

फार नाही. फार फिरवलं असतं तर त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. हा हिशेब मी तेव्हा केला होता, हेही सांगायला हवं. एकदा चुकू दे, एकदाच, असं मनात होतं.

सकाळी त्यांनी अण्णांचा फोटो काढला. खिडकीजवळ, उशीला टेकवून. नेहमीपेक्षा वेळ लागला. दोनदा त्यांनी मलमलीने कॅमेऱ्याची खिडकी पुसली. मागच्या छोट्या पडद्यावर सगळं चांगलंच दिसतं. दुकानात कॉम्प्युटरवर मोठं केल्यावर कळलं. अण्णांचा कान लख्ख आलेला, कानावरचा केस न् केस. डोळे मऊ. धुक्यात असल्यासारखे.

प्रत अण्णांना दाखवली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली. हिराभाऊ कॉटच्या पायथ्याशी हात बांधून उभे होते.

"हिरा," अण्णा म्हणाले, "डोळे गेले रे तुझे."

रागाने नाही. उलट फार मायेने. हिराभाऊंनी "हां, अण्णा" म्हटलं. मी तिथेच होतो. अजून काढू, चाक बघू, एवढं म्हणायला एक क्षण पुरला असता. मला वाटतं मी काहीतरी उजेडाबद्दल बोललो.

चार दिवसांनी अण्णा गेले. दुसरा फोटो काढायचा राहूनच गेला. दुकानात हार घातलेला आहे तो हाच. लोकांना वाटतं मुद्दाम तसा मऊ ठेवलाय. एकाने तर विचारलं, आमच्या वडिलांचाही असाच कराल का.

चाक मी परत फिरवलं नाही.

पुढच्या लग्नसराईत हिराभाऊंनी स्वतःची जी परीक्षा घेतली ती मला बघावी लागली. तिच्यात एकही पळवाट नव्हती. ठिपक्यांवर काढलेले फोटो बरोबर येत होते, कारण तिथे डोळ्याचं काम नव्हतं, अंगठ्याचं होतं. कळ एवर टाकली की फोटो बरोबर येत होते, कारण ते बघणं यंत्राचं. फक्त डोळ्याने काढलेले जात होते. एका दुपारी त्यांनी तिन्ही प्रकारचे फोटो टेबलावर ओळीने मांडले.

"खुना बरोबर. मशीन बरोबर," ते म्हणाले. "मंग ऱ्हायला कोन?"

"वय होतं, भाऊ," मी म्हणालो.

"आत खालचे आकडे पन पुसट दिसतान."

खिडकीत खाली दिसणारे ते आकडे लेन्समधून येत नाहीत, ते पुसट म्हणजे चाक हललेलं; कॅमेरा कळणाऱ्या कुणीही हे वाक्य ऐकलं असतं तर चाकाला हात घातला असता. पनवेलात ते ज्याला सांगायचे असा कॅमेरा कळणारा माणूस एकच होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वाचायचा चष्मा लागेल, बाकी डोळे उत्तम आहेत. ते मला सांगताना हसले, "डाक्टर बोलतंय काय नाय म्हनून. पन फोटू कशाला खोटा बोलल?" डॉक्टरपेक्षा त्यांचा फोटोवर विश्वास होता. तीस वर्षं त्यांनी फोटोलाच विचारलं होतं, चुकलो का, आणि फोटोने कधी फसवलं नव्हतं.

दोन सराया ते एवर काढत राहिले. फोटो स्पष्ट यायचे. आमच्या कुणाचेही येतील असे. गिऱ्हाइकं हळूहळू "हिराभाऊ मोकळे हायेत का" विचारेनाशी झाली. मला हेच हवं होतं. मिळालं. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने बरं वाटलं. वहीवर बोट फिरवायची गरज राहिली नाही.

एक दिवस ते म्हणाले, "शेठ, आता आमी थांबतंव." गिऱ्हाईक कुणी नव्हतं, तरी शेठ म्हणाले. "नुसत्या खुनांवर तं आंदला पन काढल."

मी दुकानात छोटा समारंभ केला. शाल, श्रीफळ, आणि त्यांचाच कॅमेरा त्यांना भेट दिला, त्या ठिपक्यांच्या लेन्ससकट. आदल्या संध्याकाळी तो पुसताना माझा अंगठा चाकापाशी गेला होता. सरळ करून द्यावं. मग वाटलं, घरी जाऊन सहज डोळा लावतील आणि लख्ख दिसेल; मग? मी अंगठा काढून घेतला. अशा रीतीने मी तोच गुन्हा दुसऱ्यांदा केला, आणि त्यावर शाल घातली. टाळ्या वाजल्या. हिराभाऊंनी वाकून अण्णांच्या फोटोला नमस्कार केला. त्या फोटोला.

वर्षभराने त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. ते स्वतः बोलवायला आले आणि म्हणाले, "फोटू तूच काढ, इनायक. दुसरा कोन हाय?" मांडवात त्यांनी आपली लेन्स माझ्यापुढे धरली. "ही लाव. दुसऱ्या ठिपक्यावर बोट ठेव आनि थांब. काय करायचा नाय." मी म्हणालो, "नवी मशीनं हुशार झाली आहेत, भाऊ." त्यांनी लेन्स मलमलीत गुंडाळून परत खिशात ठेवली.

अंतरपाट खाली आला. तांदूळ उडाला. आठ दिवसांनी फोटो दाखवायला गेलो. पडद्यावर चार दाणे असे आले होते की प्रत्येकाची धार मोजावी, आणि त्यांच्यामागे मऊ, धूसर, त्यांची लेक पहिल्यांदा वर बघत होती.

हिराभाऊंनी वाचायचा चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "तांदूल मात्र झ्याक आलाय," म्हणाले. बायको हसली, लेक हसली, मीही हसलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

त्यानंतर मी विचुंब्याला जाणं टाळलं. दिवाळीला फराळाचा डबा पाठवायचो, स्वतः नाही जायचो.

गेल्या महिन्यात मला कॅमेऱ्यातून धूसर दिसायला लागलं. चोपन्न वर्षांचा झालो. आत डोळा लावला की कडा विरघळल्यासारख्या. कॅमेरा हातात घेतला आणि काही विचार न करता, सवयीने, चाक दोन खटके फिरवलं. सगळं लख्ख झालं. दोन खटके, आणि मला माझे डोळे परत मिळाले. समोर अण्णांचा फोटो होता, त्याच्यावरच नजर होती. मी कॅमेरा खाली ठेवला. जेवायला घरी गेलो नाही. सरळ विचुंब्याला गेलो.

हिराभाऊ ओट्यावर बसले होते. पूर्वी समोर त्यांची शेतं दिसायची, आता सात मजली इमारत आहे. अडुसष्ट वर्षांचे, शर्ट तसाच पांढरा. "अरं इनायक," म्हणाले, आणि आत बघून, "ऐकलंस का, अन्नांचा इनायक आलाय, चाय ठेव."

मी बसलो नाही. बसलो असतो तर पाऊसपाण्याचं बोललो असतो. उभ्यानेच सांगितलं. अण्णा म्हणाले ते, टेबलावरचा कॅमेरा, चाक. किती, कधी, का. का हे सांगताना वाक्य नीट झालं नाही, पण त्यांना कळलं. माझ्या बोलण्यात नंतर नंतर फक्त "चूक झाली" एवढंच येत राहिलं आणि ते मलाच पोकळ वाटायला लागलं, तसा थांबलो.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कंच्या अंगाला फिरवलास?"

"मागे. चार खटके."

ते उठून आत गेले. तांदळाचा डबा उघडल्याचा आवाज आला. दमटपणा शोषला जावा म्हणून कॅमेरा त्यांनी तांदळात ठेवला होता, फडक्यात गुंडाळून. बाहेर आणला तेव्हा नव्यासारखा होता. बॅटरी केव्हाच मेलेली, पण या कॅमेऱ्यात आरशातून बघायला बॅटरी लागत नाही. मी चाक दाखवायला हात पुढे केला. त्यांनी कॅमेरा बाजूला घेतला आणि स्वतःच शोधलं.

"तिकडं ऱ्हा. दारात. उजेडाला."

मी उभा राहिलो. त्यांनी उजवा डोळा लावला. डावा उघडा. नखाने चाक हळूहळू पुढे ढकललं. मी मोजत होतो. एक. दोन. तीन. चार. मग डावा हात लेन्सवर आला. किती वेळ मी तिथे उभा होतो मला सांगता येणार नाही. लेन्स थोडी इकडे गेली, थोडी तिकडे, आणि थांबली.

"डाव्या गालाला दाढी नीट झाली नाय तुजी," ते म्हणाले. "कानाखाली चार केस ऱ्हायलेत."

मी हात लावून पाहिला. होते.

कॅमेरा त्यांनी मांडीवर घेतला. रागावतील याची मी तयारी करून गेलो होतो. मारतील असंही एकदा वाटून गेलं होतं, आणि तसं झालं तर बरं, असंही.

"काम गेला त्याचा काय नाय रं," ते म्हणाले. "काम सगल्यांचाच जातंय एक दिस. पन अन्ना बोलून गेला, हिरा, डोले गेले तुजे. तो तसाच समजून गेला." ते इमारतीकडे बघत होते. "आता त्याला कोन सांगायचा?"

मी म्हणालो, "भाऊ, मी..." त्यांनी हात वर केला, मांडवात मध्ये आलेल्या माणसाला बाजूला व्हायला सांगत तसा.

"जा तू आता."

त्या घरातून चहा घेतल्याशिवाय मी आयुष्यात कधी बाहेर पडलो नव्हतो. चप्पल घातली. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं. वहिनी बाहेर आल्या होत्या, दोन्ही हातांत कप, मी कुठे गेलो ते शोधत. हिराभाऊंनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला होता.

"काय करताव?" वहिनी म्हणाल्या. "तो कुठं गेला? चाय..."

"हलू नको," हिराभाऊ म्हणाले. "तशीच ऱ्हा."

कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती, आवाज काही होणार नव्हता. वहिनींना ते ठाऊक नव्हतं. दोन कप धरून, पदर सावरता येत नव्हता म्हणून मान किंचित तिरकी करून, त्या आवाजाची वाट बघत उभ्या राहिल्या.